मागावरचा शब्द

वडगावच्या यशोदाबाई लेकीच्या स्पर्धेला कधी गेल्या नव्हत्या. इंग्रजी शब्दांची अंतिम फेरी शहरातल्या कॅम्प भागातल्या एका शाळेत होती, आणि या वेळी मंजुश्रीनं हट्टच धरला. यशोदाबाईंनी माग बंद ठेवला, स्वतः विणलेली हिरवी साडी नेसली आणि सभागृहात मागच्या खुर्चीवर जाऊन बसल्या.

शेवटी मंजुश्री आणि सौरव नावाचा मुलगा, दोघंच उरले. परीक्षक बाईंनी शब्द दिला, 'सबटाइल'. अर्थ सांगायचा आणि उगमही.

सौरव म्हणाला, "फरशीच्या खालचं." सभागृह हसलं. तोही हसला.

मंजुश्री उठली. "अतिशय तलम, सूक्ष्म. आपण 'सटल' म्हणतो, त्याचं हे जुनं रूप. मूळ लॅटिन. सब म्हणजे खाली, टेला म्हणजे विणलेलं कापड."

"बरोबर. पण कापडाच्या खाली असण्याचा नि तलमपणाचा काय संबंध?"

एवढं पाठ केलेलं नव्हतं. मंजुश्रीची नजर मागच्या रांगेतल्या हिरव्या साडीवर गेली.

"मॅडम, आमच्या घरी माग आहे. उभे धागे ताणून बसवलेले असतात, आडवा त्यांच्या खालून सरकतो. जाडाभरडा असला तर अडकतो. अलगद जायचं तर बारीकच हवा. त्यावरनंच शब्द आला असेल."

बाई खुर्चीतून पुढं झुकल्या. "अभ्यासकही तसंच मानतात. माग कोण चालवतं घरी?"

"माझी आई. ती बघा, मागं बसलीय."

सगळ्या माना वळल्या. टाळ्या सुरू झाल्या तशा यशोदाबाई घाबरून उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं, आपलं काही चुकलं. शेजारच्या बाईनं कानात सांगितल्यावर त्यांनी पदर सारखा केला, पण खाली बसल्या नाहीत. लेकीच्या हातात चषक येईपर्यंत तशाच ताठ उभ्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारचे जोतिबाअण्णा दारात आले. "पोरगी जिंकली म्हणं?"

"व्हय. लई अवघड शब्द हुता, अण्णा." मागाच्या खडखडाटातून यशोदाबाई ओरडून सांगू लागल्या. "सबटाइल! इंग्रजी म्हणत्यात, पर मागावरचाच हाय. आपल्यासारख्याच कुणीतरी विणकरानं पहिल्यांदा म्हटला असंल."

"म्हंजी काय?"

त्यांनी माग थांबवला आणि त्यावरची साडी बोटांच्या चिमटीत धरून अण्णांपुढं केली. "हात लावून बघा की."