नाव घातलेली पट्टी

स्क्रू फिरवण्याआधी पियुषने त्यावरचा लाल ठिपका नखाने चाचपून पाहिला. नेलपॉलिश होतं तसंच होतं. म्हणजे आपल्यानंतर कॉम्प्युटरचं कॅबिनेट कोणी उघडलेलं नाही.

"ते काय बघता?" समोरच्या स्टुलावरून हिंमतरावांनी विचारलं.

"रंग. मीच लावला होता मागच्या वेळी. लोक घरी उघडतात आणि इथे येऊन भांडतात."

"आणि दुकानदार उघडतात अन् आतला माल बदलतात. म्हणून तर आज इथं बसलोय."

शेफालीने वडिलांना कोपराने ढोसलं, पण गप्प बसा असं काही ती म्हणाली नाही. संशय तिलाही होता. तो बोलून दाखवण्याचं काम तिने अण्णांवर सोडलं होतं.

गेमिंगचा हा भारी कॉम्प्युटर विश्रांतवाडीतल्या या दुकानात तिसऱ्यांदा आला होता. शेफाली त्यावर गेम खेळत नसे. गेममधली घरं, रस्ते, जंगलं तयार करत असे, आणि त्याला असलंच यंत्र लागतं. एप्रिलमध्ये तो मधूनच बंद पडायला लागला. पियुषने दुरुस्त करून दिला, तर घरी जाऊन आणखीच बंद पडू लागला. मेमध्ये खराडीच्या एका कंपनीने तिला नोकरीआधी चाचणीचं काम दिलं होतं. ते पाठवायच्या दिवशी पडदा निळा झाला, फाइल गेली आणि फाइलबरोबर हाती येणारी नोकरीही गेली. आता त्याच कंपनीने पुन्हा एक काम दिलं होतं. उद्या संध्याकाळची मुदत होती आणि काम निम्मंसुद्धा झालेलं नव्हतं.

"मी फोन करून बघते, दोन दिवस वाढवून देतात का," म्हणत ती बाहेर जिन्यात गेली.

हिंमतरावांनी स्टूल पुढे ओढलं. मार्केट यार्डात पस्तीस वर्षं लसणाची अडत केलेला माणूस. गोणीच्या वरच्या मालावर त्यांनी कधी विश्वास ठेवला नाही, हात थेट तळाशी. देवळात प्रसादाचा नारळ मिळाला तरी ते आधी कानाशी हलवून बघत.

"आता ऐका," ते आवाज खाली आणून म्हणाले. "रॅमच्या दोन पट्ट्या हायेत आत. त्यातल्या एकीवर माझी खूण हाय. ती नाही निघाली, तर मी गप्प बसणाऱ्यातला नाही. अख्ख्या विश्रांतवाडीला सांगेन."

पियुषचे कान तापले. दुकान टाकून दोन वर्षंही झाली नव्हती, आणि गिऱ्हाईक येत होतं ते एकाने दुसऱ्याला सांगूनच. पट्ट्या आपण जागेवरून हलवल्याही नव्हत्या, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण खूण मुळातच नसली तर? म्हातारा होती म्हणणार, आपण नव्हती म्हणणार, आणि लोक म्हाताऱ्याचं ऐकणार.

त्याने पहिली पट्टी काढली. दोन्ही बाजू कोऱ्या. हिंमतराव स्टुलावरून अर्धे उठले.

दुसरी काढली. काळ्या पत्र्याच्या कवचावर, स्टीलच्या पातेल्यावर असतात तशी ठिपक्याठिपक्यांची अक्षरं होती: चि. शेफाली हिंमतराव.

"हीच का?"

हिंमतरावांनी चष्मा वर करून पाहिलं. "हीच." पट्टी आपलीच निघाल्याचं त्यांना वाईट वाटल्यासारखं दिसलं.

"नाव कुठे घातलंत?"

"भांड्यांच्या दुकानात. तुमच्याकडं पहिल्यांदा आणायच्या आदल्या दिवशी. पोरगी बाहेर गेली होती. मोबाइलवर व्हिडिओ बघून मीच काढली, मीच बसवली. लॉटातल्या एका गोणीवर खूण केली की पुरं."

कोरी पट्टी एकटीच बसवून पियुषने मेमरीची तपासणी लावली. वीस मिनिटं दोघं पडद्याकडे बघत बसले; बाहेर जिन्यात शेफालीचा फोन चालूच होता. एकही चूक निघाली नाही. मग त्याने ती काढून नावाची पट्टी बसवली. तिसऱ्या मिनिटाला लाल ओळी सुरू झाल्या आणि थांबेचनात.

"लाल म्हणजे?"

"चुका. काका, नाव घालायच्या मशीनची सुई ठोके मारते. पातेल्याला काही होत नाही. इथे पत्र्याखाली लगेच चिप आहे."

"पण बंद तर आधीपासून पडत होता."

"ते सेटिंगमुळे. रॅमचा वेग झेपेल त्यापेक्षा जास्त ठेवला होता. ते मी पहिल्याच दिवशी ठीक केलं होतं."

हिंमतराव लाल ओळींकडे बघत राहिले.

"चूक माझीही आहे," पियुष म्हणाला. "तुम्ही परत आलात तेव्हा मला वाटलं, घरी तुम्हीच काहीतरी खटपट करताय. तेव्हाच ही तपासणी करायला हवी होती. मी स्क्रूवर रंग लावत बसलो."

दार ढकलून शेफाली आत आली. कितीतरी दिवसांनी ती हसत होती.

"सोमवारपर्यंत वेळ दिला, अण्णा! काय निघालं?"

पियुषने हिंमतरावांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. त्याने कॉम्प्युटर बंद केला.

"रॅमची एक पट्टी खराब होती. बनवणाऱ्या कंपनीतूनच तशी आली असणार. नवी बसवतो, सोमवारपर्यंत काम आरामात होईल."

"कंपनीचं नाव घेऊ नका," हिंमतराव म्हणाले.

त्यांनी स्वतः पट्टी खेचून काढली आणि अक्षरं वर येतील अशी लेकीच्या तळहातावर ठेवली.

"दुकानात कुणी बदलू नये म्हणून मीच तुझं नाव घालून घेतलं. त्यानंच बिघडली."

शेफालीने स्वतःचं नाव वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"म्हणजे मेमध्ये..."

"हो. माझ्यामुळं गेली ती नोकरी."

तिने पट्टी पर्समध्ये टाकली, पर्सची चेन लावली आणि पियुषकडे वळून, आवाज सांभाळत, नवी बसवायला किती वेळ लागेल ते विचारलं.