नारिंगी कागद

पोहण्याच्या तलावावर तिला सगळे पाणीबाई म्हणत. सकाळी सहाला पहिली तुकडी उतरायच्या आत ती काचेच्या नळीत तलावाचं पाणी घेई, त्यात औषधाचे थेंब टाकी आणि रंग बघून सांगे, पाणी ठीक आहे की बिघडलंय. एकोणीस वर्षं हेच. पाणी आम्लाकडे झुकलं की शिड्या गंजतात, पोहणाऱ्यांचे डोळे चुरचुरतात. मग मापाने सोडा टाकायचा आणि पाणी जागेवर आणायचं. तलावाचा प्रशिक्षक एरवी कुणाच्या बापाचं ऐकत नसे, पण पाणीबाई नाही म्हणाली की शिट्टी खिशात घाली.

घरी मात्र नवऱ्याच्या नाकाचा शब्द शेवटचा होता. तो सेंटच्या दुकानात विक्रेता. कुठली बाटली कुणाला शोभेल हे तो गिऱ्हाईक दारात असतानाच ओळखे, निदान तो तसं सांगे. वर्षानुवर्षं ऐकून घरातल्यांनाही ते खरं वाटू लागलं होतं. आमटी लागली की नाही, टॉवेल वाळला की नाही, सगळ्याचा निकाल त्या नाकावर. नाकाने कांदे सोलणारा माणूस, आणि ती इतकी भोळी की सोललेले कांदे आपणच गोळा करत फिरे.

एका रविवारी सकाळी बूट घालता घालता तो म्हणाला, "तुला वास येतो. खालचा. काहीतरी कर."

हवामान सांगावं तसं सांगून तो बाहेर गेला. संध्याकाळी त्याने आपली उशी उचलली आणि बाहेरच्या खोलीतल्या सोफ्यावर नेऊन टाकली. "ते जाईपर्यंत," तो म्हणाला.

लग्नाला सतरा वर्षं झाली होती. त्याच्या घोरण्याशिवाय तिला झोप लागत नसे, हे सांगायला लाज वाटावी असंच आहे, पण खरं आहे. ती उशी परत आपल्या शेजारी यावी, एवढंच तिला हवं होतं.

खाज नव्हती, जळजळ नव्हती, काही म्हणजे काही नव्हतं. पण नाक बोललं होतं. तलावाच्या कोठीत आम्ल मोजायच्या कागदाचं रीळ असतं, आम्लाचे कॅन धुतल्यावर तपासायला. त्यातला वीतभर तुकडा तिने घरी आणला. न्हाणीघराचं दार लावून स्वतःच्या आतली ओल त्याला लावली. कागद नारिंगी झाला. रंगांच्या पट्टीशी ताडून पाहिलं, तर आकडा चार. सातच्या जितका खाली, तितकं आम्ल जास्त.

तलावाचं पाणी चारवर गेलं असतं, तर तिने सगळ्यांना बाहेर काढून फाटकाला कुलूप ठोकलं असतं. आता कुठे तिला कळलं, वास का येतो ते. मग एकोणीस वर्षांच्या हातांना जे ठाऊक होतं तेच त्यांनी केलं. कोमट पाण्यात खायचा सोडा विरघळवला, पिचकारीच्या बाटलीत भरला आणि सकाळ-संध्याकाळ आतून धुवायला सुरुवात केली.

दोन आठवड्यांत कागद पिवळा झाला. तिला केवढा आनंद झाला. पाणी जागेवर येत होतं.

नवऱ्यानेही हातभार लावला. दुकानातून गुलाबाच्या वासाची गुलाबी बाटली आणली. "बायका वापरतात," तो म्हणाला, "फक्त तूच मागासलेली." तीही तिने पिचकारीत मिसळली.

मग खाज सुरू झाली. पांढुरका, पातळ स्राव जाऊ लागला. आणि आता वास आला, खराखुरा, शिळ्या मासळीचा. नवरा खोलीत शिरताना नाकाला रुमाल लावू लागला. तिने सोडा दुप्पट केला. कामावर ती सगळ्या बायकांपासून लांब, पंपाच्या खोलीत कपडे बदलू लागली. तिकीट-खिडकीवरच्या ताईने शेवटी तिला कोपऱ्यात घेतलं. "अगं, उभ्या उभ्या पाय घासतेस. डॉक्टरीणबाईंकडे जा, की मी ओढत नेऊ?"

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. कापसाच्या काडीवरचा स्राव त्यांनी कागदाला लावला. तसाच कागद होता. पाणीबाईने मान उंचावून पाहिलं.

"सहाच्या आसपास आलंय ना?" ती म्हणाली. "आधी चारवर होतं. मीच आणलंय वर."

"चार होतं? तेव्हा त्रास काय होता?"

"काही नाही."

"मग वर कशाला आणलंत?"

"ह्यांना वास आला."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "बाई, तेव्हा तुम्ही ठणठणीत होतात. तिथे आम्लच असायला हवं. चांगले जंतू ते तयार करतात, म्हणून वाईट जंतूंना थारा मिळत नाही. तुम्ही सोडा घालून त्या पहारेकऱ्यांनाच हाकललंत."

"पण वास..."

"थोडा वास प्रत्येकीला असतो. पाळीच्या मागेपुढे बदलतो. बाई म्हणजे काय धुऊन पालथा घातलेला कप आहे?" त्या औषध लिहू लागल्या. "आत काही घालायचं नाही. सोडा नाही, साबण नाही, गुलाब तर नाहीच. आतली जागा स्वतःला धुते. बाहेरून साधं पाणी पुरे. सुती कपडे घाला, ओले अंगावर वाळवू नका. आणि खाज सुटली किंवा स्राव बदलला, तर आधी माझ्याकडे. बाटलीकडे नाही."

बाहेरच्या बाकावर बसून ती रडली. आजाराचं तिला काही वाटलं नाही. तीन महिने ती धडधाकट असल्याची माफी मागत होती, आणि माफी मागता मागता तिने खरंच आजार आणला होता. पाण्याचा बिघाड शहाण्यासारखा ओळखणारी ती, स्वतःला मात्र तलाव समजून बसली. तिला स्वतःचा भयंकर राग आला. नवऱ्यावरचा राग घरी पोचेपर्यंत आला नाही.

औषध आठवडाभर चाललं. महिन्याने कागद पुन्हा नारिंगी झाला.

त्या रविवारी जेवणं झाल्यावर नवरा उशी काखेत मारून खोलीत आला. दोनदा नाक फुगवलं.

"गेला बघ," तो खुशीत म्हणाला. "मी तोंडावर बोललो म्हणून. दुसरा असता तर मूग गिळून बसला असता."

तिने तो कागद त्याच्यापुढे धरला. "हा आजचा. तुम्ही उशी उचललीत तेव्हाही हाच रंग होता."

"मग तेव्हा वास कसला होता?"

"माझा."

तो हसला. "कागद काय सांगतो मला? माझ्या नाकावर दुकान चालतं."

"मग ते दुकानात ठेवून येत जा."

तिने त्याच्या काखेतली उशी काढून घेतली, बाहेर नेली आणि सोफ्यावर ठेवली. तो पुटपुटत मागोमाग गेला, आडवा झाला, आणि थोड्या वेळाने घोरू लागला. ज्या आवाजासाठी ती चार महिने तळमळली, तो उघड्या दारातून स्पष्ट ऐकू येत होता. ती उठली आणि दार लावून घेतलं.

मग खिडकीचा पडदा नीट ओढला, गाऊन जरा पुढे धरला आणि मान वाकवून वास घेतला. काही नव्हतं. थोडं थांबून तिने पुन्हा घेतला.