बुधवारचं हसू

“आजी, फोटोत तू दर वेळी कुणाकडे बघून एवढी लाजतेस गं?”

हा प्रश्न माझा नाही. धिटाई माझ्यात आहे (हल्ली जरा जास्तच झालीये, असं आईचं मत), पण असला आगाऊ प्रश्न माझ्या मैत्रिणी उंटीण आणि चिमणी यांच्याच डोक्यातून निघू शकतो. उंटीण वर्गात सगळ्यात उंच, चिमणी सगळ्यात बुटकी आणि मी मधली. आम्ही तिघी ओळीत उभ्या राहिलो की मोबाइलच्या रेंजच्या कांड्यांसारख्या दिसतो.

झालं असं की आजी ज्या ज्येष्ठांच्या निवासात राहते, तिथून दर बुधवारी तिचा एक फोटो आमच्या घरच्या ग्रुपवर येतो. मधल्या सुट्टीत मी मोठ्या कौतुकाने ते फोटो या दोघींना दाखवत होते. चिमणीने बोटांनी फोटो मोठा केला.

“ही कॅमेऱ्याकडे बघतच नाहीये.”

“मागचा दाखव,” उंटीण म्हणाली. “त्याच्या मागचा दाखव. बघ, दर वेळी तिकडेच! आणि कसं बघतेय बघ. आपली मॉनिटर बास्केटबॉलच्या कॅप्टनकडे बघते ना, अगदी तस्सं.”

“आणि बूट बघ,” चिमणी म्हणाली. “बाकी सगळे सपातांमध्ये, तुझी आजी एकटी पॉलिश केलेल्या बुटांत. अगं, तुझ्या आजीचं काहीतरी चाललंय!”

आम्ही इतक्या हसलो की चिमणीला उचकी लागली. मग पैज लागली. हिंमत असेल तर जाऊन विचार, तो कोण आहे. विचारलंस तर आठवडाभर तुझं दप्तर उंटीण उचलणार.

खरं सांगायचं तर मी निवासात गेलेच नव्हते. बाथरूममध्ये पडल्यापासून आजीला एकटं ठेवता येत नव्हतं, तिला उचलताना आईच्या कमरेत चमक भरली होती, एकदा आजीने गॅस तसाच चालू ठेवला होता. आईबाबा दोघंही दिवसभर कामावर. म्हणून निवास. आणि तिला तिथे सोडून आल्यावर बाबांनी नियम केला, की कुणीही भेटायला जायचं नाही. “आत्ता आपण दिसलो की ती घरी चल म्हणेल. तिला जरा रुळू द्या.”

फोनवर बोलायची सोय नव्हती, कारण आजीला फोनवर ऐकूच येत नाही. त्यामुळे आमच्या घरात आजी म्हणजे बुधवारचा फोटो. पहिल्या फोटोत ती कुणी शिक्षा केल्यासारखी बसली होती. पुढच्या बुधवारपासून मात्र हसायला लागली, तीही तोंड भरून. मग बाबा म्हणाले, “आई रुळली.” तिचं कपाट कुणालातरी देऊन टाकलं आणि तिची खोली मला मिळायची ठरली. माझी स्वतःची खोली, आतून कडी असलेली! रंग मीच निवडला, फिकट निळा. एक भिंत रंगवून झाली होती. मी खूश होते, उगाच नाही कशाला म्हणू?

तर बुधवारी शाळा सुटल्यावर आम्ही तिघी बसने निघालो. घरी सांगितलं नाही. त्या दोघी फाटकाशी बाकावर बसल्या आणि मी जिना चढून आत गेले.

आत फिनेलचा आणि उकळून उकळून कडू झालेल्या चहाचा वास होता. मोठ्या हॉलमध्ये सगळे गोल करून बसले होते आणि मधोमध एक मऊ चेंडू पडला होता, ज्यात कुणालाच रस नव्हता. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘आनंदी मन, निरोगी तन’. त्याच्या खालीच एक आजोबा तोंड उघडं टाकून झोपले होते.

आजी दारासमोरच्या खुर्चीत होती. केस विंचरलेले, पायात बूट, मांडीवर तिची हातपिशवी. मला बघून तिचा चेहरा असा उजळला की मलाच लाजल्यासारखं झालं.

“आलीस! आली गं माझी बाय!” माझा गाल दाबता दाबता तिने माझ्या खांद्यावरून मागे बघितलं. “बाप गाडी लावतोय का?”

“नाही गं, मी एकटीच आलेय.”

“असं होय. मग मागून येत असेल.”

शेजारच्या खुर्चीतल्या बाईंनी मला पायापासून डोक्यापर्यंत तपासलं. आजीच्या खोलीत त्याच राहतात. पूर्वी शाळेत गणित शिकवायच्या आणि अजून आवाज तसाच होता. “कितवीत?”

“नववी.”

“बस, नववी. उभी राहून काय पेपर वाटणारेस?”

मी बसले. पैज म्हणजे पैज. मी तो प्रश्न विचारला, तो सगळ्यात वर लिहिलाय तो, आणि वर डोळाही मारला.

आजी खळखळून हसली. “लाजते कुठली? दाराकडे बघते. तुझा बाप येणार असतो ना मला न्यायला.”

“कधी?”

“दर बुधवारी. इथल्या ताई सांगतात ना, निघालाय म्हणून. मग कुठेतरी अडकतो बिचारा. रस्त्यावर गर्दी काय कमी असते? पण आपण तयार असावं. तो आला आणि मी सपाता शोधत बसले, असं नको.”

मला कळेना हसावं की काय करावं. गणिताच्या बाई खिडकीकडे बघत म्हणाल्या, “तुझा बाप म्हणजे क्ष आहे. दर बुधवारी मानायचा, उत्तर कधीच निघत नाही.”

“तुम्ही गप्प बसा हो,” आजी म्हणाली. मग मला म्हणाली, “जरा पाणी आण गं राजा.”

पाण्याचं पिंप हॉलबाहेर होतं. पेला भरून मी दारात आले, तेवढ्यात तिथली ताई मोबाइल घेऊन आजीसमोर उभी राहिलेली दिसली. म्हणजे खेळ घेणारी, गाणी म्हणून घेणारी, फोटो काढणारी ताई. तिची माझ्याकडे पाठ होती.

“आजी, बघा बघा कोण आलं! मुलगा आला तुमचा! जिना चढतोय!”

आजीने दाराकडे बघितलं. दारात मी होते. ते फोटोतलं हसू, आम्ही तिघींनी मोठं करकरून बघितलेलं, सरळ माझ्या अंगावर आलं आणि मला ओलांडून माझ्या मागच्या रिकाम्या जिन्यावर गेलं.

खटक.

“वा, छान आला,” ताई म्हणाली आणि पुढच्या आजोबांकडे वळली.

मी तिला व्हरांड्यात गाठलं. पेला हातातच होता आणि अर्धं पाणी माझ्या बुटावर सांडलं होतं.

“तुम्ही खोटं का सांगितलंत?”

ती दचकली, मग तिने मला नीट बघितलं. “नात ना तू? नाक तेच आहे.”

“बाबा आलेले नाहीयेत. कधीच येत नाहीत.”

“मला माहितीये, बाळा.”

“मग?”

“मग काय? अख्ख्या हॉलला मी एकटी आहे. फोटोत कुणी हसलं नाही की संध्याकाळी त्यांच्या घरून फोन. जेवायला देत नाही का? रागावता का? काय त्रास आहे त्यांना? स्वतः येऊन बघणार नाहीत, पण फोटो हसरा पाहिजे.”

“आमच्या घरून असा फोन आला नसणार,” मी ठासून म्हणाले.

तिने एकदा हॉलकडे वळून बघितलं. सांगावं की नाही असं तिचं चाललं असावं. मग म्हणाली, “पहिल्या फोटोनंतर तुझ्या बाबांचा फोन आला होता. म्हणाले, फोटो बघून बायको रडतेय, घरात कुणी जेवलं नाही, काहीतरी करा. मी सांगितलं, साहेब, त्या कशानेच हसत नाहीत. तुम्ही येणार म्हटलं की तेवढ्यापुरत्या हसतात. तर म्हणाले...”

“काय म्हणाले?”

“म्हणाले, मग तसं म्हणा.”

माझ्या तोंडाला कधी कुलूप लागत नाही. शाळेत यावरून सगळ्यात जास्त बोलणी मीच खाते. तिथे मात्र मी पेल्यातलं उरलेलं पाणी स्वतःच पिऊन टाकलं.

“माझ्यावर चिडून काय मिळणार?” ताई म्हणाली. “मी सांगितल्यावर क्षणभर तरी त्यांना बरं वाटतं.”

“आणि नंतर?”

हॉलमधून कुणीतरी हाक मारत होतं, ती गेली.

‘नंतर’ काय असतं ते गणिताच्या बाईंनी सांगितलं. आजी तेवढ्यात बूट आपटत उठून दारापर्यंत गेली होती, एका मावशींच्या आधाराने, जिन्यात डोकावायला.

“बुधवारी ती जेवत नाही,” बाई म्हणाल्या. “पोट भरलं तर घरी काय जेवू, म्हणते. दिवे लागेपर्यंत तिथे बसते. मग गुरुवारी उठतच नाही. शुक्रवारपासून परत हिशोब लावते की बुधवार कधी. कपडे बघ कसे ढगळ झालेत.”

फोटोत कपडे ढगळ दिसले नव्हते. फोटोत आम्ही फक्त दात आणि बूट बघितले होते.

“तुम्ही तिला खरं का नाही सांगत?”

“सांगितलं. म्हणाली, तुम्हाला न्यायला कुणी नाही म्हणून जळता. आणि दोन दिवस माझ्याशी अबोला.” बाईंनी चष्मा काढून शालीच्या टोकाने पुसला. “परक्याने सांगितलेलं खोटंच वाटतं, नववी. हे घरच्याने सांगायचं असतं.”

आजी परत आली, धापा टाकत. “जिन्यात नाही दिसला. फोन आला असेल, खाली बोलत उभा असेल. सवयच आहे त्याला.” मी तिला बिस्किट दिलं, तिने ते हातरुमालात बांधून पिशवीत टाकलं. ‘घरच्याने’ म्हणजे मी, हे मला कळत होतं. मी तिचा हात धरून नुसती बसले. इतकी बडबडी मी, आणि नुसती बसले.

निघताना ती म्हणाली, “बापाला सांग, घाई करू नको. सावकाश चालव म्हणावं. मी आहे इथे.”

फाटकाशी त्या दोघी टुणकन उठल्या.

“विचारलंस? कोण आहे तो?”

“माझे बाबा.”

त्यांना आधी हसू आलं, मग माझं तोंड बघून ते विरलं. परतीच्या बसमध्ये उंटिणीने काही न बोलता माझं दप्तर मांडीवर घेतलं. मी ते परत ओढून घेतलं.

घरी पोचले तेव्हा फोटो माझ्याआधी पोचला होता. आई मोबाइल धरून म्हणत होती, “अहो, बघा ना, सासूबाई किती फ्रेश दिसतायत!” बाबा माझ्या नव्या खोलीत वर्तमानपत्र पसरून दुसऱ्या भिंतीला रंग देत होते. कपाळावर निळा ठिपका होता.

“उशीर झाला? कुठे होतीस?”

“जिन्यापाशी,” मी म्हणाले. “या फोटोत आजी जिकडे बघतेय ना, तिथे मी उभी होते.”

बाबांचा हात थांबला. मी सगळं सांगितलं. बूट, पिशवी, न खाल्लेलं जेवण, गुरुवार. ‘मग तसं म्हणा’ हे शब्द मी त्यांच्याच आवाजात म्हणून दाखवले. आईने त्यांच्याकडे बघितलं. तिला आधी माहीत नव्हतं, एवढं मला त्या बघण्यावरून कळलं. पण मग तिने नजर खाली केली आणि हातातल्या मोबाइलवर परत तोच फोटो बघू लागली.

“तुला वाटतं मला बरं वाटतं हे?” बाबा म्हणाले. “मी गेलो असतो तर तिने माझा हात सोडला नसता. मग मी काय करणार होतो? फरफटत सोडवून घेणार होतो?”

“मग तिला खरं सांगायचं.”

“ते ऐकून ती खचेल.”

“ती आत्ताच खचतेय, दर गुरुवारी. फक्त गुरुवारी फोटो येत नाही.”

“मोठ्यांच्या गोष्टी आहेत या. मोठी झालीस की कळेल.”

“आम्ही हे तुझ्यासाठी पण केलं,” आई हळूच म्हणाली. “ही खोली...”

ते मात्र लागलं. कारण ते खोटं नव्हतं.

ब्रशवरून रंगाचा थेंब वर्तमानपत्रावर पडला. बाबा तो पुसायला वाकले, जिथे पुसायची काही गरजच नव्हती. एवढा मोठा माणूस, ऑफिसात सगळ्यांना आवाजाने गार करणारा, आणि माझ्याकडे बघायला घाबरत होता. मला त्यांची दया आली. त्यामुळे राग आणखीनच वाढला.

“आजीला घरी आणा असं मी म्हणत नाहीये,” मी म्हणाले. “ती पडली तेव्हा मी पण इथेच होते. मला कळतं. पण मी ठरवलंय. रविवारी मी तिच्याकडे जाणार आहे आणि तिला सांगणार आहे, की बाबा तुला न्यायला येत नाहीयेत, पुढच्या बुधवारी नाही, कधीच नाही. ती मला मारेल, रडेल, माझ्याशी बोलणार नाही, चालेल. मी तिथे बसून राहीन. हे तुम्ही स्वतः सांगणार असाल, तर रविवारच्या आत सांगा. नाहीतर मी सांगते.”