उंदरांनी खाल्लेला नंबर

मिशिगनच्या त्या कोपऱ्यात जुनी रेडहॉक गाडी विकत घ्यायची, तर आधी वेंडेल प्रुइटला बोलवायचं असा रिवाजच पडला होता. वेंडेल बॅटरी आणि आरसा घेऊन गाडीखाली पाठीवर सरकत जायचा, तासाभरानं कपडे झटकत बाहेर यायचा आणि एकच शब्द बोलायचा. खरी, नाहीतर खोटी. त्या एका शब्दावर कुणी उड्या मारत घरी जाई, कुणी तोंड पाडून. वेंडेलला त्या शब्दाची चटक लागली होती. सहासष्टाव्या वर्षापर्यंत त्यानं हे स्वतःशीसुद्धा कबूल केलं नव्हतं.

सत्तर सालच्या रेडहॉक दोन तऱ्हेच्या. लहान इंजिनाची आणि मोठ्या इंजिनाची. अंगाबांध्यानं दोघी सारख्याच, किमतीत मात्र जमीनअस्मानाचा फरक. म्हणून लहानीत मोठं इंजिन बसवून तिला थोरली म्हणून खपवणारे महाभाग पुष्कळ. कारखान्यानं गाडीला दिलेल्या नंबरावरून इंजिन कळत नाही. मूळ इंजिन शाबूत असेल तर त्यावर गाडीचा नंबर ठोकलेला सापडतो. ते नसेल, तर उरतो फक्त जोडणीचा कागद. गाडीत काय काय बसवायचं याची यादी कारखान्यातले कामगार मागच्या सीटच्या स्प्रिंगांत खोचून ठेवायचे. पन्नास वर्षांनी तो पिवळा चिटोरा सापडला की या लोकांना देव भेटल्यासारखं होतं.

एप्रिलमधल्या शनिवारी वेंडेल मार्सी कोवाल नावाच्या गुरांच्या डॉक्टरीणबाईसाठी एक हिरवी रेडहॉक बघत होता. लहान इंजिनाची. विकणारा ती लहानी म्हणूनच विकत होता, इंजिन मूळचं, त्यावरचा नंबर जुळत होता. काम सोपं होतं. "खरी" हा शब्द वेंडेलच्या जिभेवर आलाच होता. तेवढी मागची सीट उचलायची राहिली होती, ती त्यानं उचलली.

कागद होता. अख्खा, घडी न मोडलेला.

मार्सीनं तो त्याच्या हातातून जवळजवळ ओढलाच. "मोठं इंजिन! रंग नारिंगी! अहो वेंडेल, मला लॉटरी लागली की काय?"

"वरचा नंबर बघा आधी."

"शेवटी सतरा." तिनं दारापाशी वाकून गाडीवरची पट्टी वाचली. "हात्तिच्या! ही अठरा."

"कारखान्यात जोडणीच्या पट्ट्यावर हिच्या पुढं सतरा होती. तिचा कागद हिच्या सीटमध्ये आला."

"मग हिचा तिच्यात गेला असणार." मार्सी हसली. "म्हणजे सतरावाल्याला बिचाऱ्याला सीटखाली माझ्या गरीब गाडीचा कागद मिळाला असेल! लोक काय म्हणाले असतील त्याला?"

लोक काय म्हणाले होते, ते वेंडेलला चांगलं ठाऊक होतं. कारण पहिल्यांदा म्हणणारा तोच होता. रेडहॉकचे नंबर त्याला स्वतःच्या पोरांच्या वाढदिवसांपेक्षा जास्त पाठ. सतरा म्हणजे ऑर्विल टेटची नारिंगी गाडी.

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. ऑगस्टातल्या गाड्यांच्या मेळाव्यात, कणसं भाजण्याच्या टपरीशेजारी ऑर्विल आपली नारिंगी रेडहॉक लावून उभा होता. गुडघे गेले होते, क्लच दाबवत नव्हता, म्हणून विकायची होती. मूळ इंजिन पहिल्या मालकानं शर्यतीत कधीच फोडून टाकलेलं. गिऱ्हाइकानं वेंडेलला आणलं. वेंडेलनं सीट उचलली तर कागद सापडला, अर्धा. वरचा भाग उंदरांनी खाल्लेला, नंबर आणि रंग गायब. खाली मात्र स्वच्छ लिहिलेलं: लहान इंजिन.

"पण नंबर कुठाय यावर?" ऑर्विल म्हणाला होता. "हा माझ्याच गाडीचा कशावरून? मी ज्याच्याकडून घेतली तो बर्नी वोयचिक, तीस वर्षं रेडहॉकच्या कारखान्यात सीटा बसवायचा. पहिला मालक तोच, त्यानं स्वतः ऑर्डर देऊन बनवून घेतलीय ही. तो सांगतो, हाताला येईल तो कागद खोचायचे म्हणून."

भोवती पन्नाससाठ माणसं जमलेली. इतकी माणसं कान देऊन उभी असली की वेंडेलच्या अंगात यायचं.

"बरोबर आहे," तो मोठ्यानं म्हणाला. "उंदरांनी नंबर खाल्ला आणि तुमची थाप तेवढी शिल्लक ठेवली!"

काय हशा पिकला! कणसंवालीसुद्धा चिमटा टाकून हसली. पुढच्या वर्षी ऑर्विल आला, तर कुणीतरी त्याच्या ट्रकच्या काचेवर चीजचा तुकडा ठेवला. त्याला सगळे उंदीरमामा म्हणायला लागले. त्यानंतर तो आला नाही. गाडी त्यानं खोटी म्हणून पडत्या भावात विकली, ती कुठं ओक्लाहोमाकडं गेली. वेंडेल मात्र तो विनोद पुढं किती वर्षं लोकांना ऐकवत राहिला.

"कुणाची असेल हो ही सतरा?" मार्सी विचारत होती.

"काय माहीत," वेंडेल म्हणाला.

"शोधा ना. तुम्हाला सापडेल. नाचेल तो माणूस." तिनं कागद त्याच्या हातात दिला.

परतीच्या वाटेवर तो एका खानावळीत थांबला. समोर चेरी-पाय, फळं भरून भाजलेला गोड पदार्थ, येऊन बसला, त्याला त्यानं काटासुद्धा लावला नाही. कागद फाडून टाकला तर कुणाला कळणार होतं? मार्सीला नाव ठाऊक नाही. ऑर्विल अठ्ठ्याहत्तरचा तरी असेल. कदाचित गेलाही असेल. गेला असेल तर बरंच, असं वेंडेलच्या मनात आलं, आणि ते आल्याबरोबर त्याला स्वतःची इतकी शरम वाटली की तो पैसे ठेवून उठलाच. वाढणारीनं मागून विचारलं, "चेरी-पाय वाईट होता का हो?" त्यानं नुसता हात हलवला.

सोमवारी सकाळी तो टोलेडोला ऑर्विलच्या घरी गेला. ऑर्विल जिवंत होता. पोर्चवर बसून पक्ष्यांच्या डब्यात दाणे भरत होता. वेंडेलला बघून त्यानं डबा खाली ठेवला.

"अरे वा, तपासनीस! उंदीर अजून जिवंत आहे का बघायला आलास?"

वेंडेलनं वाटभर भाषण पाठ केलं होतं. त्यातला एक शब्द आठवेल तर शपथ. त्यानं कागद पुढं केला आणि म्हणाला, "तुमची गाडी खरी होती. मी चुकलो. नंबर नसताना बोललो, ते लोक हसावेत म्हणून."

ऑर्विलनं चष्मा लावला. नंबर वाचला, इंजिन वाचलं, रंग वाचला. पुन्हा वरून सुरुवात केली. तो आता चिडेल, निदान एखादी शिवी हासडेल, याची वेंडेल वाट बघत होता. त्याला ती हवीच होती. शिवी खाल्ली असती तर निम्मं ओझं तिथंच उतरलं असतं.

"ऑगस्टात मी माइक घेऊन सांगतो," वेंडेल घाईघाईनं म्हणाला. "सगळ्यांसमोर. त्याच टपरीपाशी. गाडीच्या आत्ताच्या मालकालाही कळवतो. तुमचं नाव धुऊन निघेल."

"माझं नाव?" ऑर्विल म्हणाला. "माझ्या नावाचं मला काय करायचंय रे? बर्नी खरं बोलत होता."

"हो."

"आईची शपथ घेतली होती त्यानं. इथं, या पायरीवर उभा राहून. आणि मी म्हटलं, आईला कशाला मध्ये आणतोस, चोरा." ऑर्विलनं चष्मा काढला. "तू इतका मोठा जाणकार. मला वाटलं, तू कशाला खोटं बोलशील? खोटं बोलला असेल तर बर्नी. बावीस वर्षं एका ट्रकमधून कामावर गेलो आम्ही. युनियनच्या हॉलमध्ये चारचौघांत त्याला फसव्या म्हणालो मी. तुझाच विनोद त्याला ऐकवला."

ऑर्विलनं रस्त्याकडं बोट केलं.

"चार वर्षं झाली त्याला जाऊन. ते बघ, चार घरं सोडून, निळं घर. त्याच्या मयताच्या गाड्या इथवर लागल्या होत्या, माझ्या दारापर्यंत. मी या खिडकीत पडदा ओढून बसलो होतो. मला खोटी गाडी विकणाऱ्याच्या मयताला मी कशाला जाऊ!"

आपण या म्हाताऱ्याचा मान त्याला परत द्यायला आलोय, असं वेंडेल दोन दिवस स्वतःला समजावत होता. मोठ्या मनाचं काम करतोय, असंही त्याला मधूनमधून वाटून गेलं होतं. आता कळलं, त्यानं आपली लाज उचलून आणली होती आणि ती याच्या मांडीवर ठेवून मोकळं व्हायचा त्याचा बेत होता.

ऑर्विल कठड्याला धरून उठला. "चल."

"कुठं?"

"आयरीनकडं, बर्नीच्या बायकोकडं. तुझं तू सांग, माझं मी सांगतो. एकट्यानं जायची माझी छाती नाही."

चार घरांचं अंतर जायला त्यांना दहा मिनिटं लागली. घंटीपाशी ऑर्विलचा हात वर उचलेना, म्हणून वेंडेलनं दाबली. आयरीन वोयचिकनं दार उघडलं. ती पिरोगी, सारण भरलेल्या पोलिश करंज्या, करत होती, कोपरापर्यंत हात पिठानं माखलेले. वेंडेलकडं तिनं बघितलंही नाही.

"मयताचं जेवण चार वर्षांपूर्वीच संपलं, ऑर्विल," ती म्हणाली.

आधी वेंडेल बोलला. मेळावा, उंदीर, हशा, हिरवी गाडी, काही गाळलं नाही. "बाई, चूक सगळी माझी आहे," असं म्हणून त्यानं संपवलं.

"सगळी नाही," ऑर्विल म्हणाला. "हा नुसता बोलला, आयरीन. खरं मानलं ते मी. याची माझी धड ओळखही नव्हती, आणि बर्नीला मी जन्मभर ओळखत होतो."

स्वयंपाकघरात पाणी उकळल्याचा आवाज येत होता.

"शेवटच्या आठवड्यात रोज विचारायचा," ती म्हणाली. "ऑर्विलचा ट्रक दिसतो का गं दारात? मी म्हणायचे, नाही, बाहेरगावी गेलाय बहुतेक, आल्यावर येईल. ट्रक तर इथून दिसत होता मला."

ऑर्विलनं तोंडावर हात धरला. वेंडेलला तिथून पळून जावंसं वाटलं, आणि पळण्याचा आपल्याला काही हक्क नाही, हेही कळत होतं. काय करावं ते न सुचून त्यानं कागद तिच्यापुढं धरला. "हा तुम्ही ठेवा. नंबर, इंजिन, सगळं लिहिलंय यावर. बर्नी खरं बोलत होते, त्याचा पुरावा आहे."

आयरीननं कागदाकडं बघितलं. हात पुसायला कमरेला फडकं होतं, पण तिनं ते घेतलं नाही.

"मला कशाला दाखवताय?" ती म्हणाली. "मला त्यानं सांगितलं होतं की."

मग ती बाजूला झाली आणि ऑर्विलला म्हणाली, "आत ये, दारात रडू नकोस. शेजारी बघतायत." ऑर्विल आत गेला. वेंडेलला तिनं ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. तो कागद हातात धरून पायरीवरच उभा राहिला.