काविळीच्या गोळ्या

तुळसाबाई पहिल्यांदा आली तेव्हा तिच्या ब्लाउजचे हुक सुनेनं लावून दिले होते. खुर्चीत बसता बसताच तिनं हे सांगून टाकलं.

“लहान पोट्टीसारखं उभं राहावं लागते तिच्यापुढं. आता तुम्हीच सांगा म्याडम, हे काय जगणं हाय?”

वय बावन्न. भिवापूरच्या मिरचीच्या आवारात तिनं पंचवीस वर्षं मिरच्यांचे देठ तोडले होते. आता दोन्ही हातांची बोटं करंगळीकडे कलंडली होती, मनगटं सुजून चकचकीत झाली होती. सकाळी दोन दोन तास मूठ उघडत नसे. गावातला डॉक्टर देत असलेल्या स्टेरॉईडच्या गोळीवर चार वर्षं कशीबशी निघाली होती.

भावना गजभिये त्या वेळी नागपुरातल्या एका खाजगी दवाखान्याच्या संधिवात विभागात काम करायची. आधी सहा वर्षं ती नर्स होती, मग डॉ. देवतळेंनी तिला आपल्या संशोधनात घेतलं. एका नव्या गोळीची चाचणी चालू होती. तुळसाबाईला होता तो संधिवात वयामुळे होणारा नव्हे. त्यात शरीराची राखण करणारी शक्तीच सांध्यांवर उलटते. ही गोळी त्या शक्तीला आवरत होती आणि ज्यांच्यापुढे इतर औषधांनी हात टेकले होते त्या रुग्णांना तिचा गुण येत होता. धोका एवढाच, की राखण ढिली पडली की अंगात निपचित पडलेले क्षयाचे जंतू उठून बसू शकतात. म्हणून गोळी सुरू करण्याआधी छातीचा फोटो, रक्ताची तपासणी आणि एक प्रश्न: घरात कुणाला टीबी झाला होता का?

“नाही,” तुळसाबाई म्हणाली. भावनानं ‘नाही’ लिहिलं.

फोटो स्वच्छ होता. रक्ताची तपासणीही निर्दोष आली. पण वर्षानुवर्षं स्टेरॉईड घेणाऱ्याच्या रक्तात ती तपासणी कधी कधी चकते, हे भावनाला ठाऊक होतं. अशा वेळी भिस्त त्या प्रश्नाच्या उत्तरावरच असते.

संमतीच्या कागदांवर सह्या घ्यायच्या दिवशी ती गोळीचे दुष्परिणाम समजावून सांगत होती. मळमळ, डोकेदुखी, सर्दी. तुळसाबाई मान डोलावत होती. मधेच तिनं विचारलं, “याच्यानं लघवी लाल होईन का? आमच्या अंकुशची होये. गोळ्या चालू होत्या न त्याच्या, पार कुंकवासारखी. लय भेलो होतो आम्ही.”

भावनाचा पेन थांबला. लघवी लाल करणाऱ्या त्या गोळ्या क्षयाच्या, हे कुठलीही नर्स झोपेतही सांगेल.

“अंकुश कोण, मावशी?”

“पोरगा माझा. दोन वर्षं झाले, गेला.”

“कशाच्या गोळ्या होत्या त्या?”

तुळसाबाईनं तिच्याकडे पाहिलं. आपण काय बोलून गेलो हे तिला कळलं होतं, आणि समोरचीलाही कळलं आहे हेही.

“काविळीच्या,” तुळसाबाई म्हणाली.

मग ती पुढे वाकली आणि आपले दोन्ही हात तिनं टेबलावर, फॉर्मच्या कागदांवर ठेवले. “बाई, मले परत नका पाठवू. माह्या हातानं भाकर तरी मोडून खाऊ द्या मले.”

खरं लिहिलं असतं तर तुळसाबाई कायमची बाद झाली असती असंही नव्हतं. आधी काही महिने क्षयाला अटकाव करणारं औषध द्यायचं, मग ही गोळी, असा नियम होता. पण चाचणीत नवे रुग्ण घेणं दहा दिवसांनी बंद होणार होतं, आणि असली गोळी बाहेर विकत घेणं त्या घराच्या आवाक्यातलं नव्हतं. डॉ. देवतळे सकाळीच म्हणाले होते, “भावना, एक रुग्ण कमी पडतोय आपल्याला.” हे सगळं तिच्या डोक्यात एकदमच आलं. त्यातल्या नेमक्या कशानं तिचा हात धरला, हे तिला नंतर कितीही विचार केला तरी ठरवता आलं नाही.

रक्त निर्दोष आहे, फोटो स्वच्छ आहे, बाई कावीळ म्हणते आहे, असं तिनं मनाशी म्हटलं. ‘नाही’ तसंच राहू दिलं आणि शाईची डबी पुढे केली. तुळसाबाईला पेन धरता येत नव्हता.

गोळीनं गुण दिला. भावनानं असा गुण फार थोड्यांना आलेला पाहिला होता. दुसऱ्या महिन्यात सूज ओसरली. तिसऱ्या महिन्यात तुळसाबाई एकटीच बसनं आली, आणि भावनाच्या टेबलावर मिरच्यांची पिशवी ठेवून म्हणाली, “एकेक देठ म्या तोडला. कोणाले हात लावू नाही देला.” बोटं सरळ झाली नव्हती, तशी ती होणारही नव्हती, पण मूठ मिटत होती. ती पुन्हा आवारात जाऊ लागली होती. अंकुशची मुलगी वैभवी सहा वर्षांची. तिची वेणी आता आजीच घालून देई.

“तुमच्यामुळं झालं हे, बाई.”

“माझ्यामुळं काहून मावशी, औषधामुळं.”

त्या दिवशी घरी जाताना भावना फार खूश होती. आपण केलं ते बरंच केलं, असं तिला वाटलं. मनीषनगरच्या रेल्वे फाटकाशी गाडी थांबवून तिनं आईसाठी जिलेबी घेतली.

मे महिन्यातल्या भेटीत तुळसाबाईचं वजन पाच किलोनं उतरलेलं निघालं.

“उन्हाळा हाय न बाप्पा. जेवणच जात नाही.”

“ताप येतो का? घाम?”

“नाही.”

ताप मोजला, नव्हता. रात्री ताप येत होता आणि त्या सकाळी निघताना तिनं तापाची गोळी खाल्ली होती, हे पुढे प्रीतीकडून, तिच्या सुनेकडून, कळलं. आजारी आहे असं म्हटलं तर औषध बंद करतील, ही भीती होती तिला. भावनानं वजन लिहिलं, डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टर म्हणाले, “पुन्हा फोटो काढून घे, पुढच्या भेटीत बघू.” फोटोची तारीख पंधरा दिवसांनंतरची मिळाली. त्याच वेळी भावनानं तोंड उघडलं असतं, तर तो फोटो तासाभरात निघाला असता. ती डॉक्टरांच्या दारापर्यंत गेलीही होती. आत दुसरा रुग्ण होता. ती परत आली.

अकराव्या दिवशी प्रीतीचा फोन आला. “म्याडम, आत्याबाई काहीबाही बोलून राहिल्या. डोकं धरून बसतेत. मले ओळखतच नाहीत.”

तुळसाबाईला आणलं तेव्हा मान ताठ झाली होती. पाठीतून पाणी काढलं, डोक्याचा फोटो काढला. क्षय मेंदूच्या आवरणापर्यंत पोचला होता. गोळी त्याच क्षणी बंद केली, क्षयाची औषधं नळीतून सुरू केली. भावना रोज सकाळी कामाआधी आणि संध्याकाळी कामानंतर तिच्या खाटेशी जाऊन उभी राहायची. तुळसाबाईचे हात चादरीवर हलत राहायचे. अंगठा आणि पहिलं बोट, चिमटा घेऊन तोडल्यासारखं, एकामागून एक. नवव्या दिवशी दुपारी ते थांबले.

तिचा नवरा धोंडबा बाहेरच्या बाकावर होता. त्याला सांगितलं तेव्हा त्यानं फक्त विचारलं, “गाडी मिळीन का भिवापूरले?”

चाचणीतल्या कुणाचा मृत्यू झाला की चोवीस तासांत कळवावं लागतं. डॉ. देवतळेंनी भावनाला समोर बसवून मजकूर सांगायला सुरुवात केली. तारखा, तपासण्या, उपचार. मग ते म्हणाले, “पुढे लिही. रुग्णाच्या मुलाला क्षय होता असं मृत्यूनंतर कुटुंबाकडून कळलं. रुग्णानं ही माहिती लपवली होती.”

भावनानं लिहिलं नाही.

“काय झालं?”

“सर, मला माहीत होतं.”

तिनं सगळं सांगितलं. लाल लघवी, कावीळ, टेबलावरचे हात. डॉक्टरांनी उठून खोलीचं दार लोटून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते. तुळसाबाईसाठी ते स्वतः दोन रात्री वॉर्डात थांबले होते.

“तू विचारलंस. तिनं कावीळ सांगितली. तू डॉक्टर नाहीस, भावना. कागदावर तुझी काही चूक नाही.”

“कागदावर नाही, सर.”

“हे सांगून ती परत येणार आहे का? चौदा लोक या गोळीवर आहेत आपल्याकडे. चौकशी लागली तर त्यांचं औषधही अडकेल. चालायला लागलेत ते. याचा विचार कर.”

तिनं विचार केला. त्या चौदांपैकी एकेकाचा चेहरा तिला दिसत होता. पण ‘लपवली’ हा शब्द तुळसाबाईच्या नावापुढे आपल्या हातानं लिहायचा, आणि ती तर आता काही बोलू शकत नाही, हे तिला जमेना. तिनं वेगळा कागद घेऊन आपली हकीकत लिहिली, खाली सही केली आणि डॉक्टरांच्या हातात दिली. त्यांनी ती वाचली. फाडली मात्र नाही. दुसऱ्या दिवशी अहवालासोबत ती पुढे गेली.

चौकशी झाली. नवे रुग्ण घेणं तर आधीच थांबलं होतं. जुन्यांच्या गोळ्या दीड महिना अडकल्या. या काळात नागपूरच्या महाल भागातल्या एका सोनाराची, भैय्याजींची, बोटं पुन्हा आखडली. ते काठी टेकत विभागात आले आणि सगळ्यांसमोर भावनाला म्हणाले, “तुह्या इमानदारीची शिक्षा आमाले काहून वं?” महिनाअखेर तिला कामावरून कमी केलं.

एक काम राहिलं होतं. अंकुशचा आजार घरात होता तेव्हा वैभवी चार वर्षांची होती, त्याच्याच कुशीत झोपायची. तिची तपासणी कुणीच केली नव्हती. आणि घरच्यांना खरं अजून कुणी सांगितलं नव्हतं. भावना बस धरून भिवापूरला गेली.

धोंडबा ओट्यावर बसला होता. प्रीती आवारातून नुकतीच परतली होती. सासूच्या जागी आता ती देठ तोडायला जात होती. तिच्या बोटांची आग होत असावी, ती हात पाण्याच्या बादलीत बुडवून बसली. भावनानं उभ्यानंच सगळं सांगितलं. न थांबता, काही न गाळता.

“म्हणजे तुमाले माहीत होतं,” धोंडबा म्हणाला.

“हो, काका.”

“अन् तुमी खरं लिहिलं असतं तं?”

“आधी टीबी होऊ नये म्हणून औषध दिलं असतं. ही गोळी कदाचित मिळाली नसती. हात तसेच राहिले असते.”

“पण राह्यली असती.”

“बहुतेक राहिल्या असत्या.”

धोंडबा उठला आणि घरात गेला. तो परत बाहेर आलाच नाही.

प्रीतीनं हात पाण्यातून काढले. “दवाखान्यातल्या बाकड्यावरच्या बायकांनीच शिकवलं होतं त्याईले. टीबीचं नाव काढलं का वापस पाठवतेत म्हणून. म्या म्हटलं, आत्याबाई, खरं सांगा. तं म्हणाल्या, नाही, चूप राह्य.” तिनं हात पदराला पुसले. “आमी गरीब मानसं, खोटं बोललो. आमाले समजत नाही. तुमाले तं समजत होतं.”

“हो.”

“मंग आता काहून सांगून राहिल्या? आमचं दुख कमी कराले का तुमचं?”

भावना रडली नाही. आपल्याला रडण्याचा हक्क नाही, असं तिला त्या क्षणी स्पष्ट वाटलं. ती म्हणाली, “वैभवीला तपासून घ्या. तिच्या बाबाच्या जवळ झोपायची ती. मी सोबत येते, नागपूरला नेते, सगळं करते.”

“तुमी नका येऊ. माही पोरगी हाय, मी नेतो तिले.”

ती खरंच घेऊन गेली, तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात. पोरीच्या अंगात जंतू निघाले. आजार अजून नव्हता. सहा महिने रोज एक गोळी घ्यायची होती. हे भावनाला तिथल्या ओळखीच्या नर्सकडून कळलं.

आता ती मनीषनगरातल्या एका तपासणी केंद्रात रक्त घ्यायला बसते. समोरच्याला प्रश्न विचारते आणि उत्तर आल्यावर पुन्हा विचारते, लोक वैतागतात. पहिले काही सोमवार ती भिवापूरला फोन करत राहिली. प्रीती फोन उचलायची, भावनाचा आवाज ऐकायची आणि “घेऊन राहिली ती गोळी” एवढं सांगून ठेवून द्यायची. पाचव्या सोमवारी ती म्हणाली, “बाई, तुमचा फोन आला का मामंजी त्या दिवशी जेवत नाहीत. नका करू आता.”

“बरं,” भावना म्हणाली. त्यानंतर तिनं फोन केला नाही.