मतलबी वारा

गेल्या पाडव्याला मी तोंडावर आपटले, हे अख्ख्या गोडदेवला ठाऊक आहे. हवामानाचे अंदाज काढणं हे माझं पोटापाण्याचं काम. उष्णतेची लाट येणार म्हणून शोभायात्रा पहाटे काढायला लावली, आणि नेमका त्या दिवशी समुद्रावरचा खारा वारा लवकर आला. दुपारभर गारवा! तेव्हापासून मी ‘लाटवाली क्षितिजा’.

म्हणून यंदा गप्प बसू? मुळीच नाही.

आमच्याकडे सकाळी डोंगराकडून मतलई वारा वाहतो, ऊन चढलं की तो तापतो. खारा वारा येऊन त्याला हटवतो, म्हणून आपण तगतो. यंदा मतलई जोरात होता, दुपारपर्यंत हटणार नव्हता. पारा चाळिशीला टेकणार होता. आणि पाहुण्यांच्या सोयीसाठी यात्रा ठेवली दहाला! ढोल माझ्या सासऱ्यांच्या गळ्यात. दिवाळीत त्यांच्या हृदयात दोन स्टेंट बसलेत.

“बाबा, यंदा ढोल नको.”

“तुझ्यामुळे वर्षभर टोमणे खातोय मी,” ते म्हणाले. “तुझा तो मतलबी वारा...”

“मतलई!”

“तेच ते. मी वाजवणार.”

मला रडू आलं, राग त्याहून जास्त आला. पाडव्याला त्यांनी गच्चीवर गुढी उभारली, तांब्याखाली हिरवा खण बांधला आणि ढोल घेऊन उतरले. मी मागोमाग. चौकात मंडळाचा अध्यक्ष जितेंद्र हसतच म्हणाला, “काय मॅडम, लाट कुठाय? मोबाइल तर चौतीस दाखवतोय.”

“मोबाइल ठेवा खिशात. वर बघा.”

गच्च्यांवरच्या सगळ्या गुढ्यांची वस्त्रं स्टेशनच्या बाजूला, समुद्राकडे फडफडत होती. म्हणजे वारा अजून डोंगराकडूनच.

“ही उलटी फिरली की खारा वारा आला समजा. तोवर बाबांचा ढोल वाजणार नाही. चुकले तर पुन्हा वर्षभर हसा. मी पुढच्या पाडव्यालाही सांगणारच!”

“सुभाषकाका, तुम्ही करा सुरू,” जितेंद्र म्हणाला. “पाहुणे पोचतायत.”

बाबांनी वर पाहिलं. आमचा हिरवा खण त्यांनी लगेच ओळखला. टिपरू उचललं. मग त्यांनी गळ्यातला पट्टा काढला आणि ढोल बंद दुकानाच्या सावलीत नेऊन ठेवला.

“काका, हे काय?”

“पाहुण्यांनाही इथेच बसव,” बाबा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “अजून मतलई आहे. वळला की वाजवतो.”