तिसऱ्या डब्याशिवाय

बंटी हे लिहून ठेवणारच नव्हता. आपलीच लाज आपल्याच बोटांनी कशाला टाइप करायची? दोनदा सुरू केलं, दोनदा पुसलं. पण त्या दिवशी त्यानं निवृत्तीला शब्द दिला, आणि असा शब्द कुठंतरी लिहिलेला असला की मोडायला जड जातो.

दुपारी तीनला निवृत्तीचा फोन आला. निवृत्ती म्हणजे शाळेपासूनचा दोस्त, कॉलेज रोडवरच्या एका क्लासमध्ये क्लार्क.

"बंट्या, असशील तसा ये. माझी नोकरी चाललीय."

बंटीनं सिडकोतून गाडी काढली ती थेट क्लासच्या जिन्याशी.

क्लासनं दहावीच्या पोरांची परीक्षा घेतली होती. शंभरात ऐंशी पडले की अकरावी-बारावी फुकट. एकशेचाळीस पोरांचे मार्क निवृत्तीनं टाइप केले, आणि ते उतरत्या क्रमानं लावणारा प्रोग्राम बंटीनं लिहिला, सी या कॉम्प्युटरच्या भाषेत. कॉलेज नाही, सर नाही, मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकलेला गडी. बाहेरचं हे पहिलंच काम. पहिल्या पानावर ऐंशी आणि त्यावरचे, दुसऱ्यावर बाकीचे. यादी चारला बोर्डावर लागायची होती.

ऑफिसात एक माणूस टोपी हातात धरून उभा होता. पुंजाराम, घोटीच्या भात गिरणीत कामाला, यादी लागायच्या आधीच पोरीचे मार्क विचारायला आलेला. त्याची पोरगी संजना. तिचा पेपर क्लासच्या मालकांच्या, ढुंढिराज सरांच्या हातात होता, त्यावर लाल शाईत सत्त्याऐंशी. यादीत मात्र तिच्या नावापुढं शून्य.

"माझी पोर शून्याची नाय, सर. पेपर तुमच्याच हातात हाय."

"पेपर बरोबर आहे हो. टाइप करणारा चुकलाय." सर निवृत्तीकडं वळले. "एकीचं कळलं. अजून किती जणांचं वाटोळं केलंयस? यादी नीट करून दे, किल्ल्या टेबलावर ठेव आणि घरी जा."

"सर, मी दोनदा वाचून टाइप केलंय."

"दाखव."

दाखवणार काय? प्रोग्राम जुन्याच फाइलवर नवी यादी लिहायचा. निवृत्तीनं आधी काय टाइप केलं होतं, त्याचा पुरावाच उरला नव्हता.

सर पुंजारामला चहाला घेऊन बाहेर गेले. बंटी कॉम्प्युटरसमोर बसला. दुसरं पान उघडलं.

संजना पानाच्या अगदी वर होती. खाली एकोणऐंशी, अठ्ठ्याहत्तर, मग उतरत उतरत बाकीचे. निवृत्तीनं शून्य टाइप केलं असतं, तर प्रोग्रामनं तिला तळाला नेऊन टाकलं असतं. म्हणजे पोरगी आधी आपल्या जागेवर बसली, शून्य नंतर झालं. तळाला अजून तीन शून्यं होती, पण तळातल्या शून्यासाठी कोण भांडायला येतो?

त्यानं तीच फाइल प्रोग्राममधून परत चालवली.

आता पहिलं पान कोरं, आणि दुसऱ्याच्या डोक्यावर आठ नावं. संजनाच्या वरचे आठही जण. आठांपुढं शून्य.

बंटीचा हात माउसवरच थिजला. स्क्रीन फक्त त्याच्यासमोर होती. पेपर बघून मार्क हातानं भरले, छापले, की मिटलं. सरांनी हजेरीचा प्रोग्रामही त्यालाच देऊ म्हटलं होतं. निवृत्ती समोर पेपरांच्या गठ्ठ्यात डोकं घालून बसला होता. त्याला काही कळलं नसतं.

"सापडलं का रे?" मान वर न करता निवृत्तीनं विचारलं. "माझंच चुकलं असेल बघ. डोळे फिरले असतील."

ते ऐकून बंटीला बसवेना.

"तुझं नाही. माझंय."

"काय?"

"दोन डब्यांतलं सामान अदलाबदल करायचं तर तिसरा रिकामा डबा लागतो. मी घेतला नाही. दोन्ही आकडे एका डब्यात मिळवले आणि वजा करून वेगळे काढले."

"मग?"

"जी पोरगी आधीच आपल्या जागेवर आहे, तिची प्रोग्राम तिच्याशीच अदलाबदल करतो. दोन डबे नाहीतच तिथं. एकच. त्यातून तोच वजा."

"म्हणजे शून्य."

"शून्य."

निवृत्तीनं हातातला पेपर गठ्ठ्यावर ठेवला. "जी बरोबर बसली होती तिलाच उठवलंस व्हय रे? तिसरा डबा घेतला असता तर काय बिघडलं असतं?"

"इंटरव्ह्यूत विचारतात. तिसऱ्याशिवाय करून दाखवा म्हणतात."

"इथं कुठं इंटरव्ह्यू होता, येड्या?"

 बंटी उठला, बाहेर गेला आणि पुंजारामच्या देखतच सरांना सगळं सांगितलं. सरांनी कप खाली ठेवला.

"हजेरीचं काम विसर," ते म्हणाले. मग ऑफिसात येऊन, "निवृत्ती, किल्ल्या उचल."

बंटीनं तिसरा डबा घेतला. तीन ओळी, बस. मग निवृत्तीनं पेपर वाचले, बंटीनं मार्क भरले. वरचे आठ, संजना, आणि तळातली तीनही. चारचे सव्वाचार झाले. यादी लागली. पुंजारामनं नवव्या ओळीवर बोट ठेवलं आणि ते तिथंच ठेवून मोबाइलवर फोटो काढला.

निवृत्ती जिना उतरत पुढं निघाला.

"शिव्या तरी दे," बंटी म्हणाला.

"शिव्या देऊन काय? तू गप्प बसला असतास तर मी गेलोच होतो."

"बसणार होतो. दोन मिनिटं."

"माहितीय. माउस हलत नव्हता तुझा."

बंटीनं गाडीची किल्ली खिशातून काढली, परत ठेवली.

"ऐक. इथून पुढं तुझ्या हातात माझी कुठलीही यादी आली, तर आधीची फाइल मी बाजूला जपून ठेवलेली असेल. आणि छापायच्या आधी तुझ्या शेजारी बसून एकेक नाव वाचीन. एकशेचाळीस असोत की चौदाशे. चूक निघालीच, तर तू फोन करायच्या आधी मी सरांच्या दारात उभा असेन. शब्द आहे माझा, निवृत्ती."